पाळण्याजवळची चूल

“एक सांगून ठेवतो मंजिरीताई, त्यांच्याकडे जाताना बाळाला नेऊ नका,” टोणपे म्हणाले. “शरयूताईंना झोपलेलं मूल बघवत नाही. उठवतात.”

“उठवतात म्हणजे?”

“म्हणजे उठवतात. गाल चिमट, पायाला टिचकी मार. आमच्या नातवाच्या बारशाला आल्या, जेवल्या आणि जाता जाता पाळण्यातलं पोर जागं करून गेल्या. संध्याकाळपर्यंत टाहो. आमची सूनबाई अजून त्यांचं नाव काढू देत नाही घरात.”

मी ते हसण्यावारी नेलं. म्हाताऱ्या माणसांच्या एकेक तऱ्हा असतात. शिवाय जुईला ठेवणार कुणाकडे? शेखर सकाळी कॉलेजवर शिकवायला जायचा तो दिवेलागणीला यायचा. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. आई आजऱ्याहून “येते, येते” म्हणत होती, पण बाबांच्या मोतीबिंदूत अडकली होती. आणि खरं सांगायचं तर कुणी मिळालं असतं तरी मी जुईला ठेवून गेले नसते. मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणाऱ्यांपैकी होते. अंघोळीला गेले तरी बाथरूमचं दार किलकिलं ठेवायचे.

आणि जुई झोपायची नाही. चौथा महिना सरत आला होता, तरी जरा डोळा लागला की दचकून उठायची आणि रडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वजन छान वाढतंय, काही नाही झालेलं, काही बाळं अशीच असतात.” बाळं असतील अशी, पण आया तशा नसतात. मला भिंती हललेल्या दिसायच्या. एकदा मी चहाच्या आधणात दुधाऐवजी ताक ओतलं आणि ते फाटलं म्हणून ओट्याशी उभी राहून रडले.

अशात टोणप्यांचं काम आलं. सांगलीत त्यांचं छोटंसं प्रकाशन होतं. लग्नाआधी मी त्यांच्याकडे मुद्रितं तपासायचे. शरयू माईणकरांची सगळी पुस्तकं नव्यानं काढायचं त्यांच्या मनात होतं. शरयूताईंची पुस्तकं तोवर घरोघरी होती. फराळाची, भातांची, एकट्या माणसाच्या स्वयंपाकाची. पण त्यांचं अगदी पहिलं पुस्तक कुठेच मिळत नव्हतं. ‘पाळण्याजवळची चूल’ असं त्याचं नाव. बाळंतिणीचा आणि बाळाचा आहार. पन्नासेक वर्षांपूर्वी निघालं, हातोहात खपलं, आणि पुन्हा कधी छापलंच गेलं नाही. नंतरच्या पुस्तकांत ‘लेखिकेची इतर पुस्तके’ अशी यादी असायची, तिच्यातही ते नसायचं. ग्रंथालयातली प्रत गहाळ. बाईंकडे विचारलं की त्या विषय बदलत.

“तुम्ही स्वतः बाळंतीण,” टोणपे म्हणाले, “तुम्ही मागितलंत तर कदाचित विरघळतील. पुस्तक मिळालं तर संपादन तुमचंच. घरी बसून करा.”

मला ते काम हवं होतं. चार महिने मी कुणाशीही पूर्ण वाक्यात बोलले नव्हते.

*

शरयूताई विश्रामबागेत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. खाली भाडेकरू, देसाई म्हणून. मी जुईला खांद्यावर घेऊन जिना चढले तेव्हा ती रिक्षाच्या हिंदकळण्यानं नुकती झोपली होती.

दारात एक काटकुळ्या, सत्तरी ओलांडलेल्या बाई उभ्या. चष्मा दोरीनं गळ्यात, पदर खोचलेला.

“पुस्तकाचं बोलायला आली असशील तर आधी खाऊन घे,” त्या म्हणाल्या. “मी नाही म्हटल्यावर तुझी भूक जाईल.”

त्यांनी ताकातली उकड वाढली, वर कच्चं तेल. मी जुईला दिवाणावर निजवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि बकाबका खाल्लं. किती दिवसांनी कुणीतरी मला वाढत होतं.

“ते पुस्तक एका तेवीस वर्षांच्या पोरीनं लिहिलंय,” त्या समोर बसत म्हणाल्या. “तिला काही येत नव्हतं. सासूनं सांगितलं ते उतरवून काढलं आणि स्वतःचं नाव टाकलं.”

“पण लोक अजून विचारतात, ताई. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोप...”

“ते सगळं पुढच्या पुस्तकांत आलंय.”

“सगळं?”

“घेण्यासारखं सगळं.”

बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून मागे जात होतं. मग त्या उठल्या, हात धुतले, नीट पुसले, दिवाणाजवळ वाकल्या आणि जुईच्या तळपायाला टिचकी मारली.

जुईनं किंकाळी फोडली.

“अहो!” मी उष्ट्या हातानं धावले. “आत्ता कुठे झोपली होती ती!”

“रडते छान,” शरयूताई म्हणाल्या. चेहऱ्यावर समाधान. “आवाज खणखणीत आहे.” आणि उकडीचं पातेलं झाकायला आत गेल्या.

रिक्षात मी जुईला थोपटत टोणप्यांना फोन लावला. “म्हटलं होतं ना,” एवढंच ते म्हणाले, आणि हसले.

तरीही मी गेले. काम हवं होतं, आणि उकडही. पुढच्या खेपेला धिरडी होती, त्याच्या पुढच्या खेपेला मुगाची खिचडी आणि कढी. प्रत्येक खेपेला जुई वाटेत झोपायची आणि प्रत्येक खेपेला शरयूताई तिला उठवायच्या. मी एकदा तिला मुद्दाम पदराखाली, छातीशी धरून बसले. त्यांनी पदर बाजूला केला.

“ताई, हात जोडते. झोपू द्या तिला. मला वेड लागेल.”

“नाही लागत. मी बघतेय ना, तू जेवतेयस, भांडतेयस. शहाणी आहेस.”

“तिला झोप नको का?”

“जन्म पडलाय झोपायला,” त्या म्हणाल्या, आणि रडणाऱ्या जुईला माझ्याआधी त्यांनीच उचललं. उचलण्याची तऱ्हा सरावाची होती. मानेखाली तळहात, कोपरावर पाठ. त्यांना मूलबाळ नाही, असं टोणपे म्हणाले होते.

पुस्तकाचं उत्तर तेच. नाही.

*

बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं जुईला घेतलं, मला बघितलं आणि म्हणाली, “काय गं ही दशा! आरशात बघतेस की नाही?”

“वेळ कुठाय?”

“थांब. तुझ्यासाठी एक गंमत आणलीय.” तिनं पिशवीतून तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. कव्हरवर तुपाचे डाग. “तू फोनवर त्या माईणकर बाईंचं सांगत होतीस ना? अगं, हे माझ्याकडे आहे की! तुझ्या वेळी आत्यानं दिलं होतं. तू यावरच वाढलीस.”

मी पान उलटलं. ‘पाळण्याजवळची चूल’. शरयू माईणकर.

मी आईला मिठी मारली. जगात शिल्लक असलेली जणू एकच प्रत, आणि ती आमच्या आजऱ्याच्या ट्रंकेत! आता बाईंना नाही म्हणायला तोंड राहणार नाही, असं मला वाटलं.

संध्याकाळी जुईचं नेहमीचं सुरू झालं. आईनं थोडा वेळ ऐकलं, मग चष्मा लावून पुस्तकाचं शेवटचं प्रकरण काढलं. ‘गुटी’.

“सहाण आहे ना घरात?”

“आई, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, सहा महिने दुधाशिवाय काही नाही.”

“त्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या आईनं काय दिलं होतं ते विचार एकदा. तुला मी चौथ्या महिन्यात दिलीय. झोपली नाहीस? एम. ए. झाली नाहीस?”

जुई रडत होती. मला वाद घालायला शक्ती नव्हती. तिच्या बाजूनं माझंच धडधाकट उदाहरण तिच्यासमोर बसलेलं होतं.

सहाण देवघराखालच्या कप्प्यात होती. गणपतीत चंदन उगाळायला म्हणून शेखरनं बाजारातून आणलेली, कोरीच राहिलेली. आईनं ती धुतली, माझ्या दुधाचे थेंब घातले आणि पुस्तक समोर उघडं ठेवून एकेक काष्ठ घ्यायला लागली. हळकुंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचे दोन. वेढा म्हणजे सहाणेवर एकदा गोल फिरवणं. बदाम, खारीक. सगळ्यात शेवटी ‘बाळास झोप नसल्यास’ जायफळ, तीन वेढे.

खर्र, खर्र असा आवाज येत होता.

“ही सहाण बघ कशी झरझर उगाळते,” आई खुशीत म्हणाली. “आपली आजऱ्याची घासून घासून आरसा झालीय. मनगट मोडतं बाई.”

जुईनं बोंडल्यातून गुटी घेतली, तोंड वाकडं केलं, आणि थोड्या वेळानं झोपली. नुसती झोपली नाही, पसरली. मूठ उघडली. तिची मूठ झोपेत उघडलेली मी पहिल्यांदा पाहिली. मी नाकाखाली बोट धरलं.

“काढ गं ते बोट! दृष्ट लावशील पोरीला.”

त्या रात्री मीही मेल्यासारखी झोपले. सकाळी उठले तेव्हा भिंती सरळ होत्या. अंघोळ घातल्यावर आईनं पुन्हा गुटी दिली आणि जुई पुन्हा झोपली. मी ओट्याशी उभी राहून गाणं गुणगुणत होते, हे आईनं दाखवून दिल्यावर माझ्या लक्षात आलं.

“जा, जाऊन ये त्या बाईंकडे,” आई म्हणाली. “पुस्तक दाखव. पोरीला ठेव इथंच. मी आहे की.”

हे बरोबरच होतं. बाळ झोपलेलं, आजी घरात. मी चप्पल घातली, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, आणि परत वर आले.

“काय विसरलीस?”

“घेऊनच जाते तिला.”

“अगं, झोपलीय ती! त्या बाई उठवतात म्हणतेस ना?”

“घेऊन जाते,” मी म्हटलं. कारण काहीच नव्हतं. मला ती नजरेआड चालत नव्हती, एवढंच.

“तुझ्यासारखी घाबरट मी पाहिली नाही,” आई म्हणाली, आणि दुपटं माझ्या खांद्यावर टाकलं.

*

रिक्षा खड्ड्यांतून गेली, जुई झोपलेलीच. चौकात कुणाच्या तरी वरातीचा बँड चालला होता, अगदी कानाशी, तरी ती हलली नाही. मला अभिमान वाटला. जिना चढताना मनात म्हटलं, आज उठवून दाखवा.

शरयूताई थालीपिठाचं पीठ मळत होत्या. मी जुईला दिवाणावर ठेवलं आणि पर्समधून पुस्तक काढून त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवलं. तपकिरी कव्हर उघडून, नाव दिसेल असं.

त्यांचे हात परातीत थांबले.

“कुठून मिळालं?”

“आईचं आहे. मी यावरच वाढले म्हणे!” मी हसत म्हटलं. “आता छापू या ना, ताई?”

त्यांनी पुस्तकाकडे पुन्हा बघितलं नाही. “आई कुठाय?”

“घरी. कालच आली.”

“ही कधीपासून झोपलीय?”

“सकाळी अंघोळ झाल्यापासून. आज प्रवासात बँड वाजला तरी...”

“दूध कधी प्यायली?”

मला आठवेना. “झोपेतच होती, म्हणून उठवलं नाही...”

“गुटी दिलीत?”

“हो, याच पुस्तकातली. काल संध्याकाळी, आणि आज.”

त्या परातीतले हात तसेच घेऊन दिवाणाकडे निघाल्या. मी आडवी झाले.

“नाही हं ताई! आज नाही. आज मी हात लावू देणार नाही.”

“बाजूला हो.”

“चार महिन्यांनी झोपलीय ती! तुम्हाला काय कळणार? तुम्हाला...” पुढचं मी बोलले नाही, पण ते काय होतं ते त्यांना कळलं.

“बाजूला हो, मंजिरी,” त्या म्हणाल्या, आणि मला ढकललं. म्हाताऱ्या बाईच्या अंगात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या कुडत्यावर पिठाचा पंजा उमटला.

त्यांनी टिचकी मारली. जुई रडली नाही.

दुसरी मारली, जोरात. तळपाय लाल झाला. पाय त्यांनी उचलला होता, सोडल्यावर तो जिथं पडला तिथंच राहिला.

“हाक मार तिला,” शरयूताई म्हणाल्या. “तुझ्या आवाजाला उठेल. मार हाक.”

“जुई,” मी म्हटलं. “जुई, ए जुई. बाळा.”

तिच्या पापण्या अर्ध्या उघडल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती. कुठेच बघत नव्हती. घशातून बारीक आवाज आला आणि मिटला. मी तिला उचललं तर मान मागे गेली, पहिल्या आठवड्यात जायची तशी.

शरयूताई गॅलरीत जाऊन ओरडत होत्या, “देसाई! गाडी काढा! देसाई!” मग परत आल्या, पुस्तक उचललं, न बघता उघडलं. ते गुटीच्याच पानावर उघडलं. “हे धर. डॉक्टरांना दाखव. चल.”

गाडीत त्यांनी ओल्या पदरानं जुईचं तोंड पुसलं, कान ओढले, तळव्यांना टिचक्या मारल्या, आणि सारखं म्हणत राहिल्या, “झोपायचं नाही. झोपायचं नाही, सोने. उठ. आईला शिव्या घाल, मला घाल. उठ.” मी तिच्या नाकाखाली बोट धरलं होतं.

*

दवाखान्यातला डॉक्टर माझ्याहून लहान असेल. त्यानं जुईच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छाती ऐकली, नर्सला भराभर काही सांगितलं. इवल्याशा हाताला सुई लावताना जुईनं फक्त कपाळ आकसलं.

“काय दिलं होतं?”

मी पुस्तक पुढे केलं. त्यानं वाचलं. “जायफळ. तीन वेढे. दोनदा?”

“हो.”

“वेढा म्हणजे किती?”

“एकदा गोल...”

“ते कळलं हो. म्हणजे किती? चिमूटभर? अर्धा चमचा?”

मी शरयूताईंकडे बघितलं. पंधरा पुस्तकं लिहिलेली बाई. वाटी-चमच्याशिवाय एक ओळ न लिहिणारी.

“ते दगडावर असतं,” त्या म्हणाल्या. मग माझा मोबाइल मागून घेतला आणि आईला फोन लावला. “मी शरयू माईणकर बोलतेय. पोरगी दवाखान्यात आहे, श्वास चालू आहे. तुम्ही या. येताना सहाण घेऊन या.”

आई आली ती अनवाणीच. मागून शेखर आला, कॉलेजातून तसाच, बोटांना खडू लागलेला. आईनं कापडी पिशवी छातीशी धरली होती. काचेतून जुईला बघितलं आणि ती मटकन बाकावर बसली.

“तुमच्याच पुस्तकात आहे हो, ताई,” ती म्हणाली. ती शरयूताईंना पहिल्यांदाच बघत होती. “मी मनाचं काही केलं नाही. हिलाही हेच दिलं होतं. एक वेढा जास्त नाही, कमी नाही. विचारा हिला!”

“माहीत आहे,” शरयूताई म्हणाल्या. “आणा ती.”

त्यांनी पिशवीतून सहाण काढली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. कडेपासून मध्यापर्यंत, सावकाश.

“नवी,” त्या म्हणाल्या.

“हो, शेखररावांनी आणलेली. अजून कोरी...”

“आजऱ्याची कशी आहे?”

“ती माझ्या सासूबाईंची. गुळगुळीत. आरशासारखी.” बोलता बोलता आईचा आवाज बारीक झाला. तिनं स्वतःचा हात पुढे केला, सहाणेला लावला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“माझ्या सासूबाईंचीही तशीच होती,” शरयूताई म्हणाल्या. “तीन पिढ्यांनी झिजवलेली. तिच्यावर तीन वेढे फिरवले तर दगडाला नुसता वास लागायचा. मी त्यांचे वेढे मोजले आणि छापले. दगड छापता येत नाही.”

आई तोंडावर पदर धरून रडायला लागली. शरयूताई तिच्या शेजारी बसल्या. “तुमची चूक नाही,” त्या म्हणाल्या, “पुस्तकात बघून केलंत तुम्ही.”

मग आम्ही वाट बघितली. शेखर उभाच होता, भिंतीला पाठ लावून. डॉक्टर दोनदा आला, दोनदा म्हणाला, “बघू या.” मी काचेला कपाळ लावून जुईच्या पोटाकडे बघत होते. ते वर जायचं, खाली यायचं. वर गेलं की मला वाटायचं, आता खाली येईल ना? खाली आलं की वाटायचं, आता वर?

उन्हं कलली तेव्हा आतून आवाज आला. आधी कुरकुर, मग चिरका, मग सगळा मजला ऐकेल असा. नर्स दार उघडून म्हणाली, “आई कोण? चला, भूक लागलीय हिला.”

मी धावले. दारातून वळून बघितलं. शरयूताई बाकावरच बसल्या होत्या, मांडीवर सहाण, डोळे मिटलेले, आणि ऐकत होत्या.

“रडते छान,” त्या म्हणाल्या.

*

जुईला घरी सोडल्यावर काही दिवसांनी त्या आमच्याकडे आल्या. आई आजऱ्याला गेली होती. जुई पाळण्यात जागी होती, पाय तोंडात घालायची खटपट करत. शरयूताईंनी पाळण्याजवळ खुर्ची ओढून घेतली.

“यांची धारवाडला बदली झाली तेव्हा ती तीन महिन्यांची होती,” त्या जुईकडेच बघत म्हणाल्या. “नवं बिऱ्हाड. नवी भांडी, नवा पाटा, नवी सहाण. मला कोण कौतुक! सासूबाई जवळ नव्हत्या ना, म्हणून पुस्तक समोर उघडून ठेवायची. माझंच पुस्तक. पाठ होतं, तरी बोट ठेवून उगाळायची.”

मी हातातलं दुपटं घडी करत होते. ते तसंच राहिलं.

“शेजारणी म्हणायच्या, गुणी आहे हो पोर, आवाज नाही तिचा. मलाही वाटलं, बरं झालं. मी त्या दुपारी चकल्यांचं प्रमाण बसवत होते. दुसऱ्या पुस्तकासाठी. छान जमल्या होत्या. तिन्हीसांजेला दिवा लावायला उठले, तर घर फार शांत होतं.”

मी तिचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

“दगडाचं मला लगेच कळलं नाही,” त्या म्हणाल्या. “वर्षभरानं सासरी गेले, सासूबाईंच्या सहाणेवर कुणासाठी तरी सुंठ उगाळत होते. उगाळली जाईना. तेव्हा कळलं. मग दुकानादुकानांतून पुस्तकं विकत घेतली, जिथं मिळतील तिथून, आणि बंबात घातली. पण विकली गेलेली कशी आणणार? त्या घरांचे पत्ते कुठाहेत माझ्याकडे?”

“मग छापू या ना, ताई. ते पान काढून. नाहीतर त्या पानावर हेच लिहून. आईसारख्या किती जणींच्या ट्रंकेत असेल ते.”

जुईचा पाय एकदाचा तोंडात गेला. ती चकित झाली.

“लिहायला बसले होते,” त्या म्हणाल्या. “किती वेळा बसले. सुरुवातीला साहित्य लिहायची सवय ना. साहित्य लिहिते, आणि पुढे हात चालत नाही. तू लिही. माझं झाल्यावर.”

जाताना त्यांनी जुईच्या तळपायाला टिचकी मारली. ती खदखदून हसली.

शरयूताई गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. टोणप्यांनी त्यांची बाकीची पुस्तकं काढली. ते एक काढलं नाही. आईची प्रत माझ्याकडे आहे. आईनं आजऱ्याची सहाण देवाला चंदन उगाळायला ठेवली आहे आणि नवी विहिरीत टाकली. जुई तिसरीत आहे. रविवारी उशिरापर्यंत झोपते, आणि मी अजूनही जाऊन तिच्या पायाला हात लावते. ती झोपेतच लाथ मारते. मग मी चहा ठेवते.

पण तपकिरी कव्हरांतली ती पुस्तकं अजून कुठे कुठे असतील. पुस्तक नसलं तरी वेढे लोकांच्या तोंडी आहेत, आणि नव्या सहाणा बाजारात रोज विकल्या जातात. म्हणून एक मागते. तुमच्या शेजारी, वरच्या मजल्यावर, बोळाच्या तोंडाशी कुठेतरी सध्या तान्हं मूल असेल. भिंतीपलीकडून त्याचं रडणं ऐकून तुम्ही वैतागलाही असाल. आज सकाळपासून ते ऐकू आलं नसेल, तर हे वाचायचं थांबवा आणि उठा. वाटीभर साखर मागा, काहीही मागा. आतून म्हणतील, हळू बोला, आत्ताच झोपलंय. तरी आत जा. तळपायाला टिचकी मारा. त्याची आई तुमच्यावर चिडेल, तोंडाला येईल ते बोलेल. बोलू द्या. बाळ रडलं की मगच घरी या.